डबा घ्या, पण आधी त्याची एक डिस्क उपसून बघा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी चिपळूणला आर्किटेक्ट आहे. ऑफिसात आम्ही पाच जण, पाच संगणक. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमचं तळमजल्यावरचं ऑफिस बुडालं. संगणक गेले ते गेलेच, पण तीन वर्षांची ड्रॉइंग गेली, ते अजून विसरता येत नाही. काही ग्राहकांना पाठवलेल्या मेलमधून सापडली, काही कागदी प्रिंटवरून पुन्हा काढावी लागली. आता पहिल्या मजल्यावर आलोय. काम मात्र पाच संगणकांवर आणि सात-आठ एक्स्टर्नल डिस्कवर विखुरलंय. सगळं मिळून सव्वा टीबी भरेल, त्यात घरचे फोटोही आले. एका डीलरने '२ बे नॅस, ४ टीबीच्या दोन डिस्क' (नॅस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांनी वापरायचा डिस्कचा डबा, बे म्हणजे डिस्कचा खण) असं ६८,००० रुपयांचं कोटेशन दिलंय आणि दहा दिवसांसाठी डेमोचा डबा ठेवून गेलाय. तो म्हणतो, एका डिस्कवरचं दुसरीवर आपोआप जातं, वेगळ्या बॅकअपची गरजच नाही. पुण्याचा आयटीतला भाचा म्हणतो, "मावशी, डबा कशाला, क्लाउड घे." यजमान म्हणतात, अजून दोन एक्स्टर्नल डिस्क आणू, विषय संपला. कराडला माझा भाऊ असतो, तो म्हणतो तुला पाहिजे ते कर! मी डबा चालू केला. दिवे लागतात, फाइल जाते, फाइल येते. यात अजून तपासायचं काय असतं? – स. ग., चिपळूण

उत्तर

ताई, नमस्कार.

डेमोच्या दहा दिवसांत बहुतेक लोक तुम्ही बघितलंत तेवढंच बघतात. दिवे लागले, फाइल गेली, फाइल आली, चेक फाडला. पण फाइल ठेवायला आणि काढायला स्वस्तातला पेन ड्राइव्हही पुरतो. हा डबा आपण वाईट दिवसासाठी घेतो, आणि डेमोच्या दिवसांत वाईट दिवस आपण होऊन उगवत नाही. तो आपल्याला मुद्दाम आणावा लागतो. तेव्हा उरलेल्या दिवसांत तुम्ही या डब्याशी थोडं दुष्टपणाने वागायचं आहे. कसं, ते खाली सांगतो. फक्त एक अट: तोवर डब्यात खरं काम ठेवायचं नाही. जुन्या एखाद्या प्रोजेक्टची कॉपी टाका, शे-दोनशे साइट फोटो टाका, दोन-चार मोठे व्हिडिओ टाका. गेलं तर हळहळ वाटणार नाही असंच सगळं.

आधी तुमच्या घरातल्या मतांचा निकाल लावतो. भाचा घरापुरता बरोबर आहे. एकट्या माणसाचे फोटो आणि कागदपत्रं असतील तर क्लाउडची वर्गणी आणि एक एक्स्टर्नल डिस्क, बस झालं, डब्याच्या भानगडीत पडूच नये. पण तुमच्याकडे पाच जण दिवसभर त्याच ड्रॉइंगमध्ये ये-जा करतात, आणि चिपळूणला पावसात इंटरनेटची लाइन दोन दिवस मेली तर काम थांबवून बसायचं का? यजमान अर्धे बरोबर आहेत. एक्स्टर्नल डिस्क लागणारच आहेत, पण 'सध्याचं ड्रॉइंग कुठल्या डिस्कवर आहे' हा तुमचा रोजचा प्रश्न त्याने सुटत नाही. डीलर मात्र साफ चुकीचं सांगतोय, आणि त्याच्याच वाक्यापासून सुरुवात करायला हवी.

दोन डिस्कचं मिररिंग म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. एक डिस्क बिघडली तर ऑफिस चालू राहतं. एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या हाताखालच्या मुलाने चुकून फोल्डर उडवला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. एखाद्या संगणकात व्हायरस शिरला आणि त्याने फाइल कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडे सारख्याच कुलूपबंद होतात. डबा चोरीला गेला, जळला, बुडाला, तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात होत्या. पूर तुम्ही बघितलाय, तुम्हाला हे मी सांगायला नको. 'मिररिंग आहे, बॅकअप नको' हे म्हणणं म्हणजे दोन इंजिनांचं विमान आहे म्हणून विमा नको म्हणण्यासारखं आहे.

आता कोटेशन. त्यात '२ बे नॅस' आणि '४ टीबी एचडीडी' एवढंच लिहिलंय, मॉडेल नंबर नाही. हे म्हणजे घराच्या करारात 'सिमेंट – चांगलं' असं लिहिण्यापैकी झालं. तुम्ही तरी सही कराल का? डब्याचा पूर्ण मॉडेल नंबर मागा, शेवटच्या अक्षरासकट. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीचंच उदाहरण घ्या. डीएस२२३ आणि डीएस२२३जे ऐकायला सारखेच वाटतात, फोटोतही भावंडं वाटतात. पण 'जे' वाल्यात मेमरी निम्मी, १ जीबी. त्याच्या फाइल सिस्टीमवर (फाइली लिहिण्याच्या पद्धतीवर) स्नॅपशॉट, म्हणजे फोल्डरचे त्या-त्या क्षणाचे ठसे, घेता येत नाहीत आणि डिस्क बदलायची तर तो बंद करून खोलावा लागतो. साध्या डीएस२२३ मध्ये २ जीबी मेमरी, बीटीआरएफएस ही स्नॅपशॉट घेता येणारी फाइल सिस्टीम आणि पुढून ओढून काढता येणारे डिस्कचे ट्रे आहेत. स्नॅपशॉट हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. ज्या डब्यात ती सोय नाही तो तुमच्या ऑफिससाठी मी घेणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो. चार डिस्कचा डबा, जादा मेमरी, एसएसडी कॅश (वेगासाठीची जादा साठवण) हे मात्र डीलरने पुढे सरकवलं तर परत सरकवा. सव्वा टीबी डेटा आणि पाच माणसं, त्याला ४ टीबीचा आरसा भरपूर झाला. (डब्यात ४ च्या जागी ३.६ दिसेल. ती फसवणूक नाही, डिस्क कंपनी हजारने मोजते आणि संगणक १०२४ ने, त्यातला हा फरक.)

डिस्कच्या बाबतीत जास्त जपा, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. आपल्याकडच्या डीलरांचा मोठा धंदा सीसीटीव्हीचा. त्यामुळे त्यांच्या कपाटात जांभळ्या लेबलच्या, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या डिस्क पडलेल्या असतात आणि त्याच डब्यात सरकवल्या जातात. त्या लगेच बंद पडतील असं नाही, पण त्यांचा पिंड एकसलग चित्रीकरण लिहिण्याचा. घेणारच आहात तर नॅससाठी बनवलेली डिस्क घ्या: सीगेटची आयर्नवुल्फ, डब्ल्यूडीची (वेस्टर्न डिजिटल) रेड प्लस, तोशिबाची एन३००. या साध्या डेस्कटॉप डिस्कपेक्षा महाग असतात. साधी डिस्क का नको, तर त्यातल्या बऱ्याच डिस्कमध्ये डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. जागा वाचते, पण एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. रोजच्या कामात हे जाणवत नाही. एक डिस्क मेली आणि नवी घालून तिच्यावर सगळं परत लिहायची वेळ आली, की ही डिस्क धापा टाकते. या प्रकाराला एसएमआर म्हणतात, आपल्याला हवी ती सीएमआर. २०२० साली डब्ल्यूडीने आपल्या साध्या 'रेड' डिस्कमधल्या काहींमध्ये, २ ते ६ टीबीच्या, हा एसएमआर प्रकार गाजावाजा न करता वापरल्याचं उघड झालं, तेव्हा बराच आरडाओरडा झाला होता. त्यानंतर सीएमआरवाल्या डिस्कना 'रेड प्लस' हे वेगळं नाव मिळालं. म्हणून नुसतं 'डब्ल्यूडी रेड' चालणार नाही, प्लस बघा.

डिस्क आल्यावर सील फोडायच्या आधी सिरीयल नंबरचा फोटो घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटी तपासा. परदेशातून भलत्या वाटेने आलेल्या डिस्कची वॉरंटी भारतात दिसतच नाही, ते तिथेच कळतं. मग डब्यात घालून त्याच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये डिस्कची तब्येत उघडा. किती तास चालली आहे तो आकडा तिथे असतो. नवी डिस्क म्हणजे शून्य, फार तर दोन-चार तास. हजारोंमध्ये आकडा दिसला तर डिस्क परत. शून्य दिसला म्हणूनही पूर्ण निश्चिंत होऊ नका. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क तासांचा आकडा पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. डिस्कच्या आत 'फार्म' नावाची वेगळी नोंदवही असते, तिच्यात खरे तास सापडले. भाचा आयटीत आहे ना, त्याला हे एक काम द्या. 'फार्म लॉग' म्हटलं की तो शोधून काढेल. आणि जमलं तर दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नका. एकाच दिवशी जन्मलेल्या जुळ्या एकाच सुमाराला आजारी पडल्या तर मिररिंगला काही अर्थ राहत नाही.

आता डब्याला छळायला घेऊ.

पहिला छळ सौम्य आहे. पाच जीबीचा एक व्हिडिओ केबलने जोडलेल्या संगणकावरून डब्यात टाका आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत वेग बघा. सेकंदाला ११० एमबीच्या आसपास दिसला तर झकास, पाऊण मिनिटात फाइल जाईल. ११ वर अडकून बसला आणि साडेसात मिनिटं लागली, तर डब्याला बोल लावू नका. मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचा जुना स्विच आहे, किंवा केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेला राउटरही पुष्कळदा इथेच सापडतो. केबल बदला, एक गिगाबिटचा स्विच आणा. वायफायवरून वेग मोजू नका, भिंत आडवी आली की तो आकडा बदलतो. साइट फोटोंचा हजार फाइलींचा फोल्डर टाकाल तेव्हा वेग पडेल, तो पडणारच. बारक्या फाइलींना प्रत्येक वेळी दार उघडून आत घ्यावं लागतं.

वेगाचं एवढंच. यूट्यूबवर अर्धा-अर्धा तास वेगाचे आलेख दाखवतात, त्यातला तुमच्या कामाचा भाग वरच्या परिच्छेदात संपला.

दुसरी परीक्षा तुम्ही स्वतः द्यायची नाही, ऑफिसातल्या सगळ्यात नव्या मुलाला द्यायला लावायची. डब्यात शेअर्ड फोल्डरचे स्नॅपशॉट दर तासाला पडतील असं लावून घ्या. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाच्या फोल्डरचा ठसा. जागा फार खात नाही, कारण पुढे जे बदलतं तेवढंच वेगळं जपलं जातं. मग दुपारी एक प्रोजेक्ट फोल्डर डिलीट करा आणि एका ड्रॉइंगमधल्या भिंती उडवून ते सेव्ह करा. मुलाला सांगा, "सकाळचं परत आण." आधी तो संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये शोधेल, तिथे काही नसेल. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून उडवलेली फाइल तुमच्या संगणकाच्या कचरापेटीत जातच नाही. हे माहीत नसल्याने लोकांना घाम फुटलेला मी बघितलाय. डब्याची स्वतःची कचरापेटी असते, ती आधी चालू करून ठेवावी लागते. स्नॅपशॉट दिसू देण्याची सोय चालू असेल, तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये सकाळचा फोल्डर जसाच्या तसा सापडतो. पाच-दहा मिनिटांत मुलाने आणला तर पास. 'डीलरला फोन करू या' म्हणाला तर डीलरला बोलवा आणि तुमच्यासमोर शिकवायला लावा. कोटेशनमध्ये त्याने ६८,००० लावलेत ना!

तिसरी परीक्षा शीर्षकातली. डबा चालू असताना एका डिस्कचा ट्रे ओढून बाहेर काढा. हात थरथरेल, तरी काढा, आत सगळं खोटंच आहे. (चालू असताना डिस्क काढता येते अशा मॉडेलवरच हे करायचं. 'जे' निघाला तर बंद करून काढा.) डबा बीप बीप करायला लागेल, दिव्याचा रंग बदलेल, फाइल मात्र उघडत राहतील. ते ठीकच आहे. खरं बघायचं ते वेगळंच: तुमच्या फोनवर निरोप आला का? मेल आली का? कुणाच्या पत्त्यावर आली?

इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसात मी असाच दोन डिस्कचा डबा बसवला होता. मिररिंग लावलं, बिघाड झाला की मेल जाईल अशी सोय केली, निर्धास्त झालो. मेलचा पत्ता दिला तो तिथे संगणकाचं बघणाऱ्या मुलाचा. वर्षभरात त्याने नोकरी सोडली. पुढे एक डिस्क मेली. डबा इमानेइतबारे रोज मेल पाठवत राहिला, बंद पडलेल्या पत्त्यावर. बीप वाजायचं, त्याचा सगळ्यांना त्रास व्हायचा, म्हणून कुणीतरी स्क्रीनवरचं 'बीप ऑफ' दाबून टाकलं. चार महिने डबा एका पायावर उभा होता आणि एकालाही पत्ता नव्हता. मग दुसरी डिस्क गेली. मला फोन आला, "साहेब, तुम्ही तर म्हणाला होतात दोन डिस्क आहेत." काय उत्तर देणार? डब्याने त्याचं काम केलं होतं, चूक माझी होती. तेव्हापासून मी निरोपासाठी दोन पत्ते देतो, त्यातला एक मालकाचा स्वतःचा, आणि दर महिन्याला डब्याकडून एक साधी 'मी ठीक आहे' अशी मेल मागतो. ती आली नाही तर चौकशी करायची.

तर डिस्क काढली, निरोप आला. आता ती परत घाला आणि दुरुस्तीचा हुकूम द्या. ४ टीबीचं पूर्ण पुनर्लेखन व्हायला सात-आठ तास तरी लागतील, वापर चालू असेल तर जास्त. किती लागले ते लिहून ठेवा. त्या काळात दुसऱ्या डिस्कला काही झालं तर डब्यात काहीच उरत नाही.

डिस्क परत घालायच्या आधी अजून एक प्रयोग करून घ्या. बाहेर काढलेली डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडून बघा. विंडोज म्हणेल, ही डिस्क फॉरमॅट करायला हवी, करू का? 'नाही' म्हणा, आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला तो संदेश दाखवून 'नाही' म्हणायला शिकवा. डिस्क बिघडलेली नसते. ती लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेली असते, विंडोजला वाचता येत नाही एवढंच. पुढे कधी डबाच मेला आणि डिस्क शाबूत राहिल्या, तर त्या त्याच कंपनीच्या जुळणाऱ्या दुसऱ्या डब्यात घालून किंवा लिनक्सच्या संगणकावर वाचता येतात. घाबरून फॉरमॅटवर 'हो' केलेली डिस्क वाचवायला मात्र मोठा खर्च येतो, आणि तो करूनही खात्री नाही.

चौथी परीक्षा लाइट जाण्याची. चिपळूणला यासाठी वेगळं काही करायला नको, पावसाळा तुमच्यासाठी करतो. पण यूपीएस कोटेशनमध्ये नाहीच, तो घाला. दोन डिस्कचा डबा वीस वॉटच्या आसपास वीज खातो, त्याला छोटा यूपीएसही पुरतो. मात्र त्याला यूएसबी पोर्ट हवा. स्वस्तातल्या सहाशे व्हीएच्या बऱ्याच यूपीएसला तो नसतोच. त्या केबलने यूपीएस डब्याला सांगतो की लाइट गेली, बॅटरी संपत आली, आणि डबा शहाण्यासारखा फाइल बंद करून स्वतः मिटतो. ती केबल नसेल तर यूपीएस फक्त मरण पंधरा मिनिटं पुढे ढकलतो. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळू नका. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा क्षणही डब्याला जड जाऊ शकतो, आणि बॅटरी संपल्याचं इन्व्हर्टर डब्याला कळवत नाही. परीक्षा सोपी: फाइल कॉपी होत असताना यूपीएसची पिन भिंतीतून काढा आणि बाजूला उभ्या राहा. डबा आपण होऊन मिटला पाहिजे, आणि पिन परत लावल्यावर कुणी बटण न दाबता उठला पाहिजे.

आता इंटरनेट. डीलर उत्साहाने म्हणेल, "मॅडम, घरून पण ड्रॉइंग उघडता येईल, पोर्ट उघडून देतो." हात जोडून नको म्हणा. पोर्ट उघडणं म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही डब्यापर्यंत येता येईल असं दार राउटरमध्ये उघडं ठेवणं. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर आणि २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसांनी क्यूनॅप या कंपनीचे इंटरनेटला उघडे असलेले हजारो डबे गाठून लोकांच्या फाइलींना कुलूप लावलं. २०२१ च्या जूनमध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह या जुन्या डब्यांचं आणखी वाईट झालं. लोक सकाळी उठले तर डबा कोरा. त्या मॉडेलला कंपनीने २०१५ पासूनच अपडेट देणं थांबवलं होतं. म्हणून मी कुणाला अमुक ब्रँड वाईट असं सांगत नाही, उद्या दुसऱ्याचा नंबर लागेल. डबा घेताना कंपनी जुन्या मॉडेलना अजून अपडेट देते का, हे बघायचं. घरून बघायचंच असेल तर टेलस्केलसारखी व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी खाजगी वाट) वापरा. पोर्ट उघडावा लागत नाही, आणि आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले ग्राहकाला स्वतंत्र आयपी पत्ता देतच नाहीत, त्यामुळे पोर्टची युक्ती तशीही फसते. राउटरमधलं यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडून देणारी सोय) बंद करा. 'अ‍ॅडमिन' नावाचं मूळ खातं बंद करून वेगळ्या नावाचं उघडा, त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, आणि त्या खात्यातून रोजचं काम करू नका. रोजच्या कामाला प्रत्येकाचं वेगळं साधं खातं. घरचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याला ऑफिसातल्या कुणालाच प्रवेश नको.

टॅली असेल तर तिचा चालू डेटा डब्यावर ठेवून चालवू नका, अकाउंट्सच्या संगणकावरच राहू दे. रोज संध्याकाळचा बॅकअप तेवढा डब्यात पडू दे.

कुणी ब्रँडच विचारलं तर तुमच्यासारख्या, संगणक हा धंदा नसलेल्या माणसाला मी अजून सिनॉलॉजीच सांगतो, कारण त्याच्या स्क्रीनवर काय चाललंय ते समजतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये या कंपनीने आपल्या नव्या 'प्लस' मॉडेलमध्ये स्वतःच्याच किंवा स्वतः मान्यता दिलेल्या डिस्क घालायची सक्ती आणली होती. गिऱ्हाइकांनी तोंडसुख घेतलं, आणि ऑक्टोबरमध्ये नव्या सॉफ्टवेअरबरोबर ती मागे घ्यावी लागली. मी विसरलेलो नाही. तुम्हीही डिस्क कुठल्या चालतात हे कंपनीच्या साइटवर बघूनच घ्या.

आता मूळ दुखणं, पूर. डबा पहिल्या मजल्यावर आहे, तरी जमिनीवर ठेवू नका. कपाटात कोंडूनही नको, हवा लागते त्याला. चार फुटांवरच्या उघड्या फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे. पण फळी काही बॅकअप नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर, हा जुना नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला. तुमच्यापुरतं त्याचं भाषांतर असं: डबा ही पहिली प्रत. दोन एक्स्टर्नल डिस्क (यजमान खूश होतील), त्यातली एक ऑफिसात आणि एक कराडला तुमच्या भावाकडे. 'तुला पाहिजे ते कर' म्हणणाऱ्या भावाला एवढं एक काम द्याच. सिनॉलॉजीत हायपर बॅकअप नावाचं अ‍ॅप असतं, ते डब्यातून एक्स्टर्नल डिस्कवर कूटबद्ध करून प्रत टाकतं, म्हणजे घाटात पिशवी हरवली तरी ड्रॉइंग कुणाला उघडता येणार नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून ऑफिसबाहेर ठेवा. तो हरवला तर तुम्हालाही उघडता येणार नाही. महिन्या-दीड महिन्याने कुणीतरी कराडला जातंच, तेव्हा डिस्कची अदलाबदल. मे संपायच्या आत एक फेरी चुकवू नका.

चालू कामांचा फोल्डर, तो पन्नास-शंभर जीबीच असेल, रोज रात्री क्लाउडवरही जाऊ दे. इथे भाच्याचं ऐका. सगळा सव्वा टीबी पाठवायचा म्हटलं तर ५० एमबीपीएसच्या अपलोडला सलग सव्वादोन दिवस लागतात, तेही लाइन मधे तुटली नाही तर. म्हणून जुनं सगळं डिस्कवर आणि ताजं क्लाउडवर, अशी वाटणी मला बरी वाटते.

ही व्यवस्था लागल्यावर तीन महिन्यांनी कराडची डिस्क आणून तिच्यातलं कुठलंही एक जुनं ड्रॉइंग भलत्याच संगणकावर उघडून बघा. बॅकअप 'यशस्वी' असा हिरवा टिळा मी पुष्कळ बघितलाय. उघडलेली फाइल बघितल्याशिवाय मी त्याला बॅकअप म्हणत नाही.

तर डीलरला सांगायचं ते असं. डबा पूर्ण मॉडेल नंबरासह, स्नॅपशॉटची सोय असलेला. डिस्क नॅससाठीच्या, सीएमआर, बिलावर सिरीयल नंबरासकट. यूएसबीवाला यूपीएस वाढवा, दोन एक्स्टर्नल डिस्क वाढवा. कोटेशनच्या तळाशी 'लाइफटाइम सपोर्ट' असं काही असेल तर कुणाचा लाइफटाइम ते विचारा. त्याऐवजी वर्षातून दोनदा येऊन तुमच्यासमोर वरच्या परीक्षा घ्यायच्या, एवढं लेखी मागा. ६८,००० च्या वर थोडं जाईल, जाऊ दे. चार डिस्कचा डबा नाकारलात तर डीलरचा जादा नफा तिथे वाचतोच.

आणि डेमोचा डबा परत देताना एक करा. खोटा का होईना, तुम्ही टाकलेला डेटा आत आहे, त्यात ग्राहकांचे प्लॅन असतील, आणि उद्या हाच डबा डीलर गुहागरला दुसऱ्या कुणाकडे ठेवून येणार आहे. नुसतं डिलीट नको, व्हॉल्यूम (डब्यातली आखलेली साठवणीची जागा) काढून टाका, डिस्क पूर्ण पुसायचा हुकूम द्या आणि रात्रभर चालू ठेवा. त्याआधी तुमचा वायफायचा पासवर्ड आणि मेलचा पत्ता त्यातून गेलाय ना, ते बघा. डीलरने डबा तुमच्याकडे ठेवताना हे केलं होतं का? डब्यात आधीच्या कुणाचे फोल्डर दिसले असतील तर या डीलरबद्दल तुम्हाला वेगळं काही सांगायला नको.